लडाखच्या आधी सिल्लेवानी घाट

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: लग्नाला वर्ष होत आलं. नवरा मिहानमध्ये नोकरीला, त्या स्वतः बँकेत. त्याला येत्या जूनमध्ये बुलेटवर लडाख करायचं आहे, मग ऋषिकेशला राफ्टिंग आणि बंजी, मग अंदमानात स्कूबा अशी यादीच तयार आहे. त्यांनाही हे सगळं हवंसं वाटतं, पण उंचीची भीती आहे, पोहता येत नाही आणि गाडीवर मागे बसून दोन तासांच्या वर कधी प्रवास केलेला नाही. सासूबाई म्हणतात, "काहून जिवावरच्या गोष्टी करून राहिले बापा तुम्ही?" सुरुवात कुठून करावी?

लडाखपासून करू नये, एवढं आधीच सांगते. लडाख वाईट म्हणून नाही. तुम्ही दोघांनी एकमेकांना अजून थकलेलं, भिजलेलं, उपाशी आणि घाबरलेलं पाहिलेलं नाही म्हणून. ते पहिल्यांदा मनाली-लेह रस्त्यावरच्या सरचूच्या तंबूत, साधारण 4,300 मीटरवर, रात्री दोनला डोकं ठणकत असताना पाहू नये. ते नागपूरपासून शंभर-दीडशे किलोमीटरवर पाहता येतं, जिथून दुपारी निघालं तर रात्री आपल्या घरी वरण-भात खाता येतो.

मी जोडप्यांना डोंगरात नेते तेव्हा निघण्याआधी एकच गोष्ट पक्की करून घेते: परत फिरायचं कोणी ठरवायचं? बूट, सॅक, हॉटेल या गोष्टी नंतर. माझ्याकडचा नियम असा की दोघांपैकी ज्याच्या तोंडून आधी "नको" निघेल त्याचा शब्द शेवटचा. जागेवर वाद नाही, समजावणं नाही, आणि घरी आल्यावर टोमणेही नाहीत. चर्चा करायची तर दोन दिवसांनी चहावर करा. हे घरी ठरवायला पाच मिनिटं लागतात, पण कड्यावर ठरवायला गेलात तर ठरत नाही. नवीन लग्न झालेल्या मुली "एवढे पैसे भरलेत त्याने" म्हणून गप्प राहतात आणि मुलगे बायकोसमोर माघार नको म्हणून. मला दोन्हींची सारखीच काळजी वाटते. खरं सांगायचं तर मुलग्यांची थोडी जास्त, कारण बायका निदान चेहऱ्यावर दाखवतात.

चिखलदऱ्याजवळच्या एका कड्यावर रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला, आलेलं असंच एक जोडपं. हेल्मेटवर कॅमेरा लावलेला नवरा पहिल्या नंबरला उभा. रॅपलिंगमध्ये सगळ्यात अवघड पाऊल पहिलं असतं. पाठ दरीकडे करून, गुडघे जरा वाकवून, कंबर मागे सोडून दोरावर चक्क बसायचं असतं. शरीर नेमकं उलटं करतं, पुढे झुकतं आणि हात अँकरकडचा, म्हणजे वर बांधलेल्या टोकाकडचा दोर घट्ट धरून बसतो. तो तसाच अडकला. "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत राहिला. मागे रांग, कोणीतरी टाळ्या वाजवून "कमॉन" सुरू केलं. त्याची बायको हार्नेस घालून दोन नंबर मागे होती. ती पुढे आली नाही, समजावलं नाही, एवढंच म्हणाली, "आधी तो कॅमेरा बंद करा." तो मागे आला, दगडावर बसला, पाणी प्यायला. ती उतरली, तो नाही उतरला. पुढच्या हिवाळ्यात दोघं परत आले तेव्हा त्याने आपणहून लहान भिंत मागितली आणि ती केली. त्या पहिल्या दिवशी टाळ्यांच्या जोरावर त्याला ढकललं असतं तर तो पुन्हा दोराजवळ आला नसता, असं मला वाटतं.

तुमच्या नवऱ्याने कितीही यूट्यूब पाहिलेलं असो, त्याला तुमचा शिक्षक होऊ देऊ नका. तुम्हीही त्याच्या होऊ नका. नवऱ्याकडून गाडी चालवायला शिकलेल्या कुठल्याही बाईला विचारा. दोर, पाणी, हवा या तिन्ही ठिकाणी शिकवणारा माणूस तिसरा हवा, ज्याच्यावर रागावता येतं आणि ज्याला वाईट वाटत नाही.

आता पाऊस सरत आला आहे. इथून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे बाहेर पडायचे खरे दिवस. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, सगळं सपाट. चढाचा सराव शहरात मिळत नाही, तो शोधावा लागतो. सेमिनरी हिल्सला रोज चालणं चांगलंच, पण रविवारी रामटेक गाठा. गडाच्या पायऱ्या पाठीवर सॅक घेऊन चढा. पहिल्या वेळी सॅकेत दोन पाण्याच्या बाटल्या पुरे, मग हळूहळू सात-आठ किलोपर्यंत या. चढताना दोघांचं बोलणं चालू राहिलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. पुढे चालणारा नेहमी कमी वेगाचा असावा, म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही. हे नवऱ्याला आवडणार नाही, आणि तेच शिकायचं आहे. मे महिन्यात मात्र हे काही करू नका. नवतपात, पारा 45 च्या पुढे असताना आपल्याकडे डोंगर चढणं याला मी साहस म्हणणार नाही.

गाडीचा सराव वेगळा. पहिली अडचण ही की आपल्या दारात शिवमडक्यापासून सुरू होणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा 'समृद्धीवरून बुलेटवर शिर्डी' हा बेत ऐकायला छान, होणारा नाही. मला विचाराल तर आपल्या बाइकवाल्यांची खरी शाळा उत्तरेला आहे: सावनेर, सौंसर, मग सिल्लेवानी घाट चढून छिंदवाडा, तिथून तामिया आणि पुढे मटकुलीवरून पचमढी. सिल्लेवानी घाटात वळणं आहेत, ट्रक आहेत, माकडं आहेत, पावसाळ्यानंतर खड्डेही सापडतात. सामान बांधलेल्या गाडीवर मागे माणूस बसवून चढावर वळण घेणं म्हणजे काय, हे नवऱ्याला इथे कळेल. उतरताना सारखा ब्रेक न दाबता खालच्या गिअरवर गाडी आवरायची सवय इथेच लागू दे. आणि तुम्हाला कळेल की मागे बसणं हेही काम आहे. वळणावर गाडी ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला तिच्याबरोबर झुकायचं, घाबरून उलट दिशेला अंग टाकायचं नाही, आणि त्याच्या खांद्याऐवजी कंबरेला किंवा मागच्या कॅरियरला धरायचं. हेल्मेट दोघांनाही पूर्ण तोंड झाकणारं. तुमचं हेल्मेट त्याच्यापेक्षा स्वस्त नको. दुकानात मागच्या माणसासाठी अर्ध्या हेल्मेटची निवड मी फार पाहते.

दर तासाला थांबा. थांबल्यावर दोघांनी एकमेकांना दहापैकी गुण सांगायचे: अंगात किती जोर आहे, मन किती लागतंय. हसू येईल, पण "मी ठीक आहे" या उत्तराला काही अर्थ नसतो, "पाच" ला असतो. लडाखला हीच सवय जीव वाचवते. पाचच्या खाली कोणीही आलं की त्या दिवसाचा मुक्काम जवळ आणायचा.

तामियाला गेलात तर पाताळकोट करा, गाडीने वरच्या व्ह्यू पॉइंटवरून फोटो काढून परत येण्यासारखं नाही ते. खाली भारिया आदिवासींची गावं आहेत. हजार-बाराशे फूट खाली उतरायचं आणि संध्याकाळच्या आत वर यायचं. नेहमीच्या डोंगराला चढ आधी येतो, दम लागला की माणूस आपोआप थांबतो आणि घरचा रस्ता उतरणीचा असतो. इथे उलट. उतरताना सगळे शूर असतात आणि चढ येतो तेव्हा पाय संपलेले असतात. म्हणून खाली किती जायचं हे वरून निघतानाच घड्याळावर ठरवा: अमुक वाजले की जिथे असू तिथून मागे. गाव दिसत असलं तरी. नवरा-बायकोचं पहिलं खरं भांडण बहुधा इथे होतं, "आता आलोच आहोत तर" या वाक्यावरून. होऊ द्या. स्थानिक माणूस वाटाड्या म्हणून सोबत घ्या, त्याला नीट पैसे द्या, आणि घरांमध्ये, अंगणांमध्ये न विचारता फोटो काढू नका.

चिखलदरा, गाविलगड वगैरे तुम्ही बहुतेक पाहिलेलं असेल, पण शाळेच्या सहलीत पाहिलेलं वेगळं. हिवाळ्यात दोन रात्री राहून गाविलगड पायी फिरा. 1803 च्या डिसेंबरात इंग्रजांनी भोसल्यांकडून घेतलेला हा किल्ला. तटबंदीवरून खाली बघताना उंचीची भीती हळूहळू सैल करायला याहून चांगली जागा आपल्याकडे मी पाहिलेली नाही. कड्यापासून दहा पावलांवर बसा, मग पाच, मग पोटावर झोपून खाली बघा. रोज थोडं. भीती मारायची नसते, तिला जवळ बसवून ठेवायचं असतं. पूर्ण गेलेली भीती मला आवडत नाही, तशी माणसं दोर तपासत नाहीत.

आणि एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या जोडप्यांना सहज मिळत नाही आणि आपल्याला मिळते: बुद्ध पौर्णिमेची मचाण. मे महिन्यात त्या रात्री ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा अशा ठिकाणी वनविभाग पाणवठ्यांवर मचाणी लावतो, 'निसर्गानुभव' नावाने नोंदणी करून सामान्य माणसांनाही बसता येतं. वनविभागाचा माणूस सोबत असतो. दुपारी मचाणीवर चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. बोलणं नाही, अत्तर-डिओ नाही, भडक कपडे नाहीत, कुरकुरीत पिशवीतला खाऊ नाही. शरीराला काही कष्ट नाहीत, पण दोन माणसांनी चौदा-पंधरा तास एकमेकांशेजारी न बोलता बसायचं आहे. अंधारात सांबर ओरडतं तेव्हा तुमचा हात कोण धरतं ते कळेल. जागा लवकर भरतात, तेव्हा एप्रिलपासूनच वनविभागाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पौर्णिमा हुकली तर अमावास्येच्या आसपास पेंच गाठा. 2024 मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं जंगल, म्हणून मान्यता मिळाली. सिल्लारीच्या बाजूला आकाशगंगा खरोखर पट्ट्यासारखी दिसते, शहरात वाढलेल्या माणसाला आधी तो ढग वाटतो.

सासूबाईंबद्दल. त्यांना "आजकाल सगळेच जातात" असं सांगू नका, त्याने कोणाचंच समाधान होत नाही. त्यांना विचारा की नागद्वार केलंय का. आपल्याकडे त्या पिढीतल्या किती बायकांनी नागपंचमीच्या सुमारास भर पावसात पचमढीचे ते डोंगर, त्या निसरड्या वाटा, शिड्या पार केलेल्या असतात! "हर भोला हर हर महादेव" म्हणत, साडी खोचून, स्लीपरवर. त्यांनी नसेल केलं तर त्यांच्या जावेने, बहिणीने केलं असेल. त्या ज्याला यात्रा म्हणतात ते माझ्या भाषेत कठीण श्रेणीचा ट्रेक आहे. विचारून तर बघा, तासभर बोलतील, आणि त्या बोलण्यात तुम्हाला दोन-तीन कामाच्या गोष्टीही मिळतील. मोठ्यांचा विरोध बहुतेक वेळा साहसाला नसतो, खबर न लागण्याला असतो. तेव्हा एका कागदावर मार्ग, मुक्काम, सोबतच्या माणसाचा नंबर, आणि "या तारखेपासून या तारखेपर्यंत फोन लागणार नाही, काळजी नको, या तारखेच्या रात्रीपर्यंत आला नाही तर इथे फोन करा" असं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. हे व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, ते वर निघून जातं.

आता थोडं फक्त तुमच्याशी, कारण हे पुरुष मार्गदर्शक सांगत नाहीत आणि मुली विचारत नाहीत.

दोराजवळ येताना अंगावर काही लोंबतं ठेवायचं नाही. मंगळसूत्र, लांब कानातलं, हिरवा चुडा, सैल ओढणी, मोकळे केस. उतरताना दोर ज्या आठच्या आकड्यासारख्या धातूच्या कडीतून सरकतो तो छातीच्या खाली असतो, वाकलं की मंगळसूत्र नेमकं तिथे जातं. ओढलं गेलं तर तुटलं तर बरं, अशी वेळ येते. काढायचं नसेल तर टी-शर्टच्या आत घेऊन सेफ्टी पिनने कापडाला लावून टाका. काढायचं असेल तर घरीच काढून ठेवा, कॅम्पवर सांभाळत बसू नका. अंगठीही तशीच. उंचीवर बोटं सुजतात आणि साखरपुड्याची घट्ट अंगठी मग साबणानेही निघत नाही.

पाळीच्या तारखा जुळत असतील तर प्रवास पुढे ढकलायलाच हवा असं अजिबात नाही. पण पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. वापरलेलं पॅड कागदात, मग काळ्या पिशवीत, मग झिप असलेल्या पिशवीत, आणि ते आपल्या सॅकेतून खाली आणायचं, दरीत नाही. हे नवऱ्याला माहीत असलं पाहिजे. दोन तासांनी गाडी कुठे थांबवायची, कुठल्या ढाब्यावर बाथरूम बरं आहे, हे विचारायला ज्या मुली लाजतात त्या पाणी पिणं बंद करतात, आणि उंचीवर पाणी न पिणं महागात पडतं.

दिवस राहिले असण्याची शक्यता असेल, किंवा तुम्ही दोघं त्या विचारात असाल, तर स्कूबा, बंजी, राफ्टिंग आणि लडाखसारखी उंची या चारही गोष्टी बाजूला ठेवा. निघण्याआधी शंका असेल तर तपासून घ्या. चालणं, जंगल, मचाण, तारे, यांना डॉक्टरांना विचारून हरकत नसावी. घरात "गोड बातमी कधी" चालू असतानाच प्रवासाचं ठरत असतं, त्यामुळे हे तुम्ही दोघांनी आधी आपसात बोलून घ्या, सगळ्या घराला सांगायची गरज नाही.

पाण्याचं. पोहायला शिका, दोघंही. शहरातले जलतरण तलाव उन्हाळ्यात ओसंडून वाहतात, म्हणून थंडी संपता-संपता नाव घाला; बायकांची वेगळी बॅच बहुतेक ठिकाणी असते. राफ्टिंगला आणि पहिल्या स्कूबाला पोहता यावंच लागतं असं नाही, पण पाण्यात तोंड बुडलं की घाबरून श्वास ओढायची सवय मोडली पाहिजे, ती तलावातच मोडते. दरवर्षी पावसाळ्यात आपल्या भागातल्या तलावांवर, बंधाऱ्यांवर तरुण मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. त्यांतली बरीचशी साधं "पाय टाकून बसू" म्हणून गेलेली असतात. ऋषिकेशच्या गंगेत वाटाड्या, जॅकेट, हेल्मेट असतं. इथल्या तलावावर काही नसतं, म्हणून मला इथल्या तलावांची भीती जास्त.

ऋषिकेशला पहिल्यांदा ब्रह्मपुरी किंवा शिवपुरीपासूनचा टप्पा घ्या, कौडियालाचा मोठा टप्पा नंतर. जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं. लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्याने दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर खेचून बघायच्या. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे, पाण्यात ते तुमच्या डोक्यावरून निघेल. बाजूचे पट्टे ओढून पुन्हा बघा. हे काम नवऱ्याने बायकोचं आणि बायकोने नवऱ्याचं करावं, तेवढ्यापुरता एकमेकांवर अविश्वास बरा. नावेतून पडलात तर पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, गुडघाभर पाण्यातही नाही. पाय दगडात अडकला की मागून येणारं पाणी माणसाला वाकवतं.

स्कूबा तुम्हाला, पोहता न येणाऱ्याला, कदाचित सगळ्यात आवडेल. पहिल्या अनुभवात प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि 12 मीटरच्या खाली नेत नाही. अंदमानचं पाणी स्वच्छ, पण आधी तारकर्लीला करून बघायला हरकत नाही. तिथे पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्रच आहे. खाली जाताना दर थोड्या अंतराला नाक दाबून हळूच फुंकर मारायची, कान मोकळे होतात. दुखेपर्यंत थांबायचं नाही, दुखायच्या आधी करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही, पैसे गेले तरी. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर फॉर्मवर लपवू नका. आणि शेवटच्या डाइव्हनंतर विमानाच्या आधी पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा. अंदमानचे चार दिवसांचे पॅकेज घेणारे हे नेहमी विसरतात: स्कूबा पहिल्या दिवशी, आराम शेवटच्या दिवशी, उलट नाही.

बंजीबद्दल माझं फारसं मत नाही. ऋषिकेशची जुनी उडी 83 मीटरची आहे, रक्तदाब, पाठ, मान, वजन तपासूनच उभं करतात. करावीशी वाटली तर करा. तिथे सगळं दुसरा करतो, आपण फक्त पडतो. हिमाचलमधल्या बीरचं पॅराग्लायडिंग त्यापेक्षा बरं, वैमानिकाचा परवाना आणि राखीव पॅराशूट आहे ना एवढं विचारून घ्या.

लडाखवर येते. हे सगळं जमलं तर पुढच्या सप्टेंबरमध्ये जा, जूनमध्ये नको. जूनमध्ये दुपारी वितळलेल्या बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहतात आणि मागे माणूस असलेली गाडी त्यात आडवी होते. सप्टेंबरात पाणी कमी, गर्दी कमी. जाताना मनालीवरून न जाता श्रीनगरवरून जा. सोनमर्ग, द्रास, कारगिल करत शरीर हळूहळू चढतं, कारगिल तर 2,700 मीटरच्या आतच आहे. मनालीच्या बाजूने दुसऱ्याच रात्री सरचू येतं, बहुतेकांची डोकेदुखी तिथेच सुरू होते. मनालीवरून जायचंच असेल तर आधीचा मुक्काम जिस्पाला, आणि सरचूला न झोपता पुढे निघून जाता येईल असं नियोजन. विमानाने थेट लेहला उतरणार असाल तर लक्षात घ्या, नागपूरच्या 310 मीटरवरून तुम्ही एका दिवसात 3,500 मीटरवर गेलात. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं बसायचं, हळू चालायचं, पाणी प्यायचं, दारू आणि झोपेची गोळी दोन्ही नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये हा सर्वसाधारण नियम.

डोकेदुखीसोबत मळमळ, जेवण नको वाटणं, फार थकवा असेल तर वर जायचं नाही. आराम करूनही वाढलं, बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जायला लागला, तर ताबडतोब खाली, रात्र असली तरी. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही हे नागपुरातच डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. इथे दहापैकी गुण सांगायची सवय उपयोगी येते, कारण उंचीवरचा माणूस चिडचिडा होतो आणि आपण चिडचिडे झालोय हे त्याला कळत नाही. ते शेजारच्याला कळतं. खार्दुंगला किंवा कुठलाही घाट त्या वर्षी राहिला तर राहिला.

गाडी नागपूरहून चालवत नेण्यात काही शौर्य नाही, मधले तीन दिवस नुसता ट्रकांचा धूर. रेल्वेच्या पार्सलने दिल्लीला किंवा त्यापुढे पाठवा: आर.सी.ची प्रत, ओळखपत्र, टाकी पूर्ण रिकामी, आरसे काढून गाडी गोणपाटात बांधून. श्रीनगर-मनालीला भाड्याने घेतलीत तर ती गाडी लेहवरून पुढे नुब्रा, पँगाँगला नेऊ देत नाहीत, तिथे लेहचीच भाड्याची गाडी घ्यावी लागते. हे न कळल्याने दुप्पट भाडं भरणारे बरेच भेटतात. आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड हवं.

कोणाबरोबर जायचं? महाराष्ट्रात 2021 पासून साहसी पर्यटनाचं धोरण आहे आणि त्यात आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी विचारा, प्रथमोपचार कोणाला येतो ते नाव घेऊन विचारा, आणि मागच्या वेळी कार्यक्रम कधी रद्द केला होता ते विचारा. कधीच रद्द केला नाही म्हणणाऱ्याबरोबर मी माझ्या भाच्यालाही पाठवणार नाही. पहिला हिमालयीन ट्रेक स्वस्तात करायचा तर यूथ हॉस्टेल्सचे राष्ट्रीय ट्रेक उत्तम, फक्त तिथे पुरुषांचे आणि बायकांचे तंबू वेगळे असतात. नवीन जोडपी हे ऐकून जरा हिरमुसतात, पण दहा अनोळखी बायकांच्या तंबूत तुम्ही जेवढं शिकाल तेवढं नवऱ्याच्या शेजारी शिकणार नाही.

विम्याच्या कागदात साहसी खेळांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आरोग्य विम्यात भरपाई न देण्याचा ठरलेला अपवाद व्यावसायिक म्हणून असे खेळ खेळणाऱ्यांना लागू होतो, अपघात विम्यात आणि प्रवास विम्यात मात्र शब्द वेगळे असतात. कंपनीला ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

आणि तिकिटं काढताना तुमचं नाव आधारवर आज जसं आहे तसंच टाका. नवं आडनाव कागदोपत्री आलं नसेल तर माहेरचं. लग्नपत्रिकेवरचं नाव विमानतळावर चालत नाही.